निष्ठेची कसोटी : एका राजसेवकाची कहाणी

(एका व्याख्यानमालेत सादर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



जर्मनीच्या एकीकरणाचा इतिहास आपण सर्वांनी शालेय वयात वाचलेला असतो. त्यात तीन नावे हमखास येतात. मुत्सद्दी बिस्मार्क, रणनीतिज्ञ मोल्टके आणि सैन्याची पुनर्रचना करणारा युद्धमंत्री रोन. या त्रयीच्या मागे, थोडा अंधारात, एक चौथा माणूस उभा आहे. त्याचे नाव एडविन फॉन मांटॉयफेल. घोडदळातील एक साधा अधिकारी म्हणून त्याने आयुष्याला प्रारंभ केला, दोन राजांचा निकटचा ॲडज्युटंट म्हणून तो वावरला आणि शेवटी फिल्डमार्शलपदापर्यंत पोहोचला. तरीही त्याचे नाव आज इतिहासाचे अभ्यासक सोडले तर कोणाच्या ओठांवर नाही.

मग आजच्या विषयासाठी हाच माणूस का निवडला, असे आपण विचाराल. कारण त्याच्या चरित्रातून एक प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो आणि तो कोणत्याही काळात, कोणत्याही समाजात शिळा होत नाही. निष्ठावंत माणूस नेमका कोणाचा सेवक असतो? व्यक्तीचा, संस्थेचा, की राष्ट्राचा? या तिन्ही निष्ठा एकाच दिशेने वाहत असतात तोपर्यंत हा प्रश्न सुचतही नाही. त्यांच्या वाटा जेथे वेगळ्या होतात तेथे माणसाची खरी कसोटी लागते. मांटॉयफेलच्या आयुष्यात ती वारंवार लागली. काही वेळा तो उतरला, काही वेळा नाही.

राजाच्या सावलीतील पद

मांटॉयफेलचा जन्म २४ फेब्रुवारी १८०९ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. घराणे सरदारांचे, परंतु संपत्ती बेताची. १८२७ मध्ये तो बर्लिन येथील गार्ड ड्रॅगून या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी अधिकारी झाला. त्याला इतिहासाची विलक्षण ओढ होती. बर्लिन विद्यापीठातील थोर इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके याच्याशी त्याचा जो स्नेह जडला तो आयुष्यभर टिकला. घोड्यावर मांड ठोकणारा आणि रात्री ग्रंथांत रमणारा हा तरुण राजपुत्र आल्ब्रेख्त याच्या दिमतीस ॲडज्युटंट म्हणून नेमला गेला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरून गेली.

ॲडज्युटंट हे पद काय असते? आपल्याकडे राज्यपालांच्या मागे गणवेशात उभे असलेले एडीसी आपण समारंभात पाहतो. बाह्यरूप साधारण तेच. परंतु एकोणिसाव्या शतकातील प्रशियात राजा हा सैन्याचा प्रत्यक्ष सरसेनापती होता. त्यामुळे त्याचा आदेश सेनापतीपर्यंत नेणे, सेनापतीचा निरोप त्याच्या कानावर घालणे, गुप्त कामगिरीवर परदेशी जाणे, फिरायला निघालेल्या राजाला सोबत करणे अशी कामे ॲडज्युटंटकडे येत. मंत्र्याला भेटीची वेळ मागावी लागे. ॲडज्युटंट तेथे असेच. या ‘असण्यात’ केवढी शक्ती दडलेली असते, हे ज्यांनी कोणतीही संस्था जवळून पाहिली आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

१८४८ चा आघात

१८४८ च्या मार्चमध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. १८ मार्चच्या दिवशी व रात्री सैन्य आणि नागरिक यांच्यात झालेल्या झुंजीत शेकडो माणसे मेली. दुसऱ्या दिवशी मृतांचे देह राजवाड्याच्या प्रांगणात आणण्यात आले आणि राजा फ्रेडरिक विल्यम चौथा याला त्यांच्यापुढे मस्तक उघडे करावे लागले. आज आपण त्या प्रसंगाकडे पाहताना म्हणू की, प्रजेच्या दुःखापुढे राजा नमला यात वावगे काय? परंतु राजनिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांच्या मनावर तो प्रसंग अपमानाच्या डागासारखा कोरला गेला. मांटॉयफेल त्यांपैकीच एक. त्या धामधुमीत त्याने राजाचा विश्वास संपादन केला आणि त्याच वर्षी तो राजाचा ॲडज्युटंट झाला.

त्या वर्षाने त्याला एकच धडा शिकवला : सिंहासन टिकवायचे असेल तर सैन्य हे फक्त राजाचे असले पाहिजे. संसद, मंत्रिमंडळ, वृत्तपत्रे यांचा त्याला स्पर्शही होता कामा नये. हा धडा त्याने इतक्या प्रामाणिकपणे आत्मसात केला की पुढील दीड दशक तो त्याच्या प्रत्येक कृतीचा गाभा बनला. त्याची निष्ठा स्वार्थी नव्हती. म्हणूनच ती अधिक विचार करण्यासारखी आहे. स्वार्थी माणसाचा दोष चटकन ओळखू येतो. निःस्वार्थ माणसाची चूक मात्र कित्येक पिढ्यांना सद्गुण वाटत राहते.

सही नसलेली सत्ता

काही काळ डुसेलडॉर्फ येथे भालाईत घोडदळाच्या पाचव्या रेजिमेंटचे नेतृत्व केल्यानंतर १८५७ मध्ये मांटॉयफेल ‘मिलिटरी कॅबिनेट’चा प्रमुख झाला. ‘कॅबिनेट’ या शब्दाने फसू नका. हे मंत्रिमंडळ नव्हते. ते होते अधिकाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या आणि निवृत्ती यांचे कागद राजासमोर ठेवणारे एक लहानसे कार्यालय. कागदोपत्री तो युद्धमंत्रालयाचा एक विभाग. परंतु त्याचा प्रमुख हा राजाचा ॲडज्युटंटही असल्यामुळे त्याला युद्धमंत्र्याला ओलांडून थेट राजाच्या दालनात प्रवेश होता.

१८५० च्या प्रशियन राज्यघटनेत दोन तरतुदी शेजारीशेजारी नांदत होत्या. राजाच्या शासकीय कृतीवर जबाबदार मंत्र्याची सही हवी, ही पहिली. राजा हा सैन्याचा सरसेनापती आहे, ही दुसरी. मग राजाने सैन्याला दिलेला आदेश ही शासकीय कृती की सेनापतीची आज्ञा? मांटॉयफेलने आपली सारी बुद्धी दुसऱ्या पक्षाच्या बाजूने लावली. १८५९ मध्ये युद्धमंत्री बोनिन याला पद सोडावे लागले आणि रोन आला. त्यामागे या कार्यालयाशी झालेला संघर्ष हे एक मोठे कारण होते. जानेवारी १८६१ मध्ये नवा राजा विल्यम पहिला याने आदेश काढला की, सेवाविषयक आणि नेमणुकांविषयीच्या लष्करी आदेशांवर मंत्र्याच्या सहीची आवश्यकता नाही.

बंधु-भगिनींनो, एक सही गाळली गेली. वरवर पाहता ही किती क्षुल्लक गोष्ट! परंतु सही म्हणजे उत्तर देण्याची तयारी. ज्याची सही आहे त्याला संसदेत उभे राहून जाब द्यावा लागतो. सही गेली म्हणजे जाब देणारा गेला. निर्णय होत राहिले, त्यांची फळे सैन्याला आणि देशाला मिळत राहिली, परंतु त्या निर्णयांचा धनी कोण हे विचारण्याची सोय उरली नाही. हे सर्व करणारा माणूस भ्रष्ट नव्हता, आळशी नव्हता, भित्रा तर नव्हताच. तो केवळ निष्ठावंत होता.

याच सुमारास सैन्याच्या पुनर्रचनेचा प्रश्न पेटला. दरवर्षी सुमारे ४०,००० ऐवजी ६३,००० तरुण भरती करावेत, तीन वर्षांची सेवा कायम ठेवावी आणि नागरी स्वरूपाच्या ‘लांडवेर’ दलाला मागच्या रांगेत ढकलावे, अशी ती योजना होती. उदारमतवादी संसदेने खर्चाला आणि तीन वर्षांच्या सेवेला विरोध केला. मांटॉयफेलला त्या विरोधात पुन्हा १८४८ दिसू लागले. राजधानीत उठाव झाल्यास कोणत्या तुकड्यांनी कोठून शिरावे याचे तपशीलवार आराखडे १८६२ च्या प्रारंभी तयार होते. उठाव मात्र झाला नाही. बर्लिनचे नागरिक अंदाजपत्रकावर वाद घालत होते आणि राजाच्या निकटचा माणूस तोफांच्या जागा ठरवत होता. भयाने पछाडलेली निष्ठा स्वकीयांतच शत्रू शोधू लागते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

एक पुस्तिका आणि एक गोळी

१८६१ च्या वसंत ऋतूत एक निनावी पुस्तिका प्रसिद्ध झाली. मांटॉयफेलसारख्या माणसाच्या हाती असे पद असणे सैन्याला आणि राज्याला घातक आहे, असे तिच्यात रोखठोकपणे लिहिले होते. मांटॉयफेलने लेखकाचे नाव विचारले. बर्लिनच्या न्यायालयातील न्यायाधीश कार्ल ट्वेस्टेन याने ते लपवले नाही. शब्द मागे घेण्यास मात्र त्याने नकार दिला. २७ मे १८६१ रोजी दोघांत पिस्तुलांचे द्वंद्व झाले. ट्वेस्टेनची गोळी चुकली. मांटॉयफेलच्या गोळीने त्याच्या हाताचे हाड मोडले.

द्वंद्व कायद्याने निषिद्ध होते. मांटॉयफेलला माग्देबुर्गच्या किल्ल्यात अल्पकाळ बंदिवास भोगावा लागला. परंतु राजाने त्याला अंतर दिले नाही. उलट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या राज्याभिषेकाच्या वेळी त्याला लेफ्टनंट जनरल केले. या प्रसंगात दोघांचेही धैर्य वादातीत आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ट्वेस्टेनने उपस्थित केलेला प्रश्न सार्वजनिक होता : या पदाला उत्तरदायित्व आहे की नाही? मांटॉयफेलने उत्तर दिले ते वैयक्तिक सन्मानाच्या भाषेत. पिस्तूल चालले आणि प्रश्न होता तेथेच राहिला. टीका म्हणजे अपमान, ही समजूत निष्ठावंतांच्या जगात फार लवकर मूळ धरते.

गंमत अशी की, अखेरीस त्याला राजधानीतून दूर करण्यात त्याच्या विरोधकांचा नव्हे, स्वपक्षीयांचा हात होता. बिस्मार्क आणि रोन हे दोघेही राजनिष्ठच. परंतु राजाच्या कानाशी तिसराच कोणी बोलत असेल तर राज्य चालवता येत नाही, हे त्यांना उमजले होते. १८६५ मध्ये मांटॉयफेलची श्लेस्विगचा गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली. तो सन्मान होता आणि बर्लिनपासूनचे अंतरही होते.

फ्रँकफुर्टची रात्र

१८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पेटले. जूनमध्ये मांटॉयफेलने होल्स्टाइनमध्ये प्रवेश केला आणि ऑस्ट्रियन गव्हर्नर गाब्लेन्स याने रक्तपात न होता आपले सैन्य मागे घेतले. जुलैत मांटॉयफेलकडे मायन सैन्याचे नेतृत्व आले. त्या वेळी प्रशियन फौजा फ्रँकफुर्ट या श्रीमंत व स्वतंत्र नगरात शिरलेल्या होत्या. आधीचा सेनापती फाल्केनस्टाइन याने नगराकडून सुमारे ६० लाख गुल्डन वसूल केले होते. ते भरून नगरवासी निश्वास टाकतात न टाकतात तोच मांटॉयफेलने वरून आलेल्या आदेशानुसार आणखी अडीच कोटी गुल्डनांची मागणी केली आणि मुदत दिली एका दिवसाची.

नगराचा महापौर कार्ल फेल्नर हा प्रशियाचा द्वेष्टा नव्हता. नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यावे अशाच मताचा तो गृहस्थ होता. त्याने दोन्ही बाजूंना सावरण्याची शिकस्त केली. मांटॉयफेल मोहिमेवर पुढे निघून गेला आणि नगरातील प्रशियन अधिकाऱ्याने फेल्नरकडे नगरसभासदांची व त्यांच्या मालमत्तेची यादी मागितली. आपल्याच सहकाऱ्यांची नावे शत्रूच्या हाती द्यायची? २४ जुलैच्या पहाटेपूर्वी फेल्नरने गळफास घेतला. तो दिवस त्याचा एकोणसाठावा वाढदिवस होता. पुढे फ्रँकफुर्ट प्रशियात विलीन झाले आणि ती अडीच कोटींची मागणी सोडून देण्यात आली. म्हणजे ज्या रकमेपायी एक सज्जन जिवाला मुकला ती रक्कम प्रशियाला अखेरीस घ्यावीशीही वाटली नाही.

आदेश बर्लिनचा, यादी मागणारा अधिकारी दुसरा, मांटॉयफेल तर तेव्हा टाउबर नदीच्या काठी लढाईच्या तयारीत. मग दोष कोणाचा? प्रत्येकाला म्हणता येईल की, माझे केवळ कर्तव्य होते. निष्ठेची साखळी अशी असते की तिच्या प्रत्येक कडीला आपण निर्दोष वाटतो, आणि फास मात्र कोणाच्या तरी गळ्याला बसतो.

युद्धानंतर संसदेने विजयी नेत्यांना देणग्या दिल्या. बिस्मार्क, रोन, मोल्टके यांना दिल्या, ज्याच्या जागी मांटॉयफेल आला त्या फाल्केनस्टाइनलाही दिली. मांटॉयफेलला वगळले. लोकप्रतिनिधी १८६१ विसरले नव्हते. पुढे श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये आपल्याच पूर्वीच्या कनिष्ठ मुलकी अधिकाऱ्यासमोर दुय्यम स्थान घेण्याची वेळ आली तेव्हा तो वर्षभर सैन्यापासून दूर झाला. १८६८ मध्ये तो परतला.

हिमातील मोहीम

१८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मांटॉयफेलच्या सेनापतित्वाची ओळख जगाला झाली. त्या वेळी तो एकसष्ट वर्षांचा होता. प्रारंभी पूर्व प्रशियातील पहिल्या कोअरचे नेतृत्व त्याच्याकडे होते. मेत्सजवळच्या कोलोंबे येथे १४ ऑगस्टला तो लढला. ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबरला न्वासव्हील येथे वेढा फोडू पाहणाऱ्या बाझेनच्या सैन्याला त्याने परत रेटले. शरद ऋतूत तो पहिल्या आर्मीचा प्रमुख झाला. २७ नोव्हेंबरला त्याने आमियेंजवळ विजय मिळवला आणि ५ डिसेंबरला रुआं घेतले. उत्तरेत फेदेर्ब या कुशल फ्रेंच सेनापतीने मात्र त्याला निर्णायक विजय मिळू दिला नाही.

जानेवारी १८७१ मध्ये परिस्थिती बिकट झाली. बुर्बाकीची मोठी फ्रेंच सेना पूर्वेकडे बेलफोर्टचा वेढा उठवण्यासाठी निघाली होती. तेथे वेर्डरची जर्मन फौज संख्येने बरीच कमी. मांटॉयफेलला नव्याने उभारलेल्या दक्षिण सैन्याचे नेतृत्व देण्यात आले. दिजाँमध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाच्या मदतीला धावून आलेला इटलीचा गॅरिबाल्डी, तर लांग्र येथे फ्रेंचांचा किल्ला. या दोहोंमधून, बर्फाने गोठलेल्या डोंगराळ वाटांनी त्याने आपले सैन्य नेले. दरम्यान १५ ते १७ जानेवारीला लिझेन नदीवर वेर्डरने बुर्बाकीला थोपवून धरले. तेव्हा मांटॉयफेलने धाडसी निर्णय घेतला. वेर्डरच्या मदतीला सरळ न जाता तो दक्षिणेकडे वळला आणि २१ जानेवारीला डोल घेऊन त्याने शत्रूची परतीची वाटच तोडली.

पुढचा भाग करुण आहे. निराश बुर्बाकीने २६ जानेवारीला स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो वाचला. २८ जानेवारीला व्हर्साय येथे युद्धविराम झाला, परंतु पूर्वेकडील तीन प्रांत त्यातून वगळले होते आणि ही गोष्ट फ्रेंच सेनेला वेळेवर कळवली गेली नाही. नवा सेनापती क्लँशां युद्ध थांबले असे समजला. मांटॉयफेल थांबला नाही, कारण त्याच्या आदेशात थांबणे नव्हते. १ फेब्रुवारीला उपाशी, गारठलेली सुमारे ८७,००० माणसे स्विस सीमा ओलांडून शस्त्रे टाकू लागली. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हा लखलखीत विजय होता. परंतु त्या पांढऱ्या डोंगरवाटांवर पराभूत माणसाचे जे रूप दिसले ते मांटॉयफेलने जवळून पाहिले.

पराभूतांच्या देशात

१० मे १८७१ रोजी तह झाला. कोठे? फ्रँकफुर्टमध्येच. फ्रान्सने ५ अब्ज फ्रँक द्यायचे आणि ती रक्कम फिटेपर्यंत जर्मन सैन्य फ्रान्सच्या भूमीवर राहायचे, असे ठरले. या सैन्याचा प्रमुख म्हणून जूनमध्ये मांटॉयफेलची नेमणूक झाली. पाच वर्षांपूर्वी एका दिवसाच्या मुदतीत अडीच कोटी मागणारा माणूस आता ५ अब्जांच्या वसुलीचा रखवालदार झाला होता. आता काय होणार, या भीतीने फ्रेंच जनता धास्तावली असल्यास नवल नाही.

परंतु घडले ते वेगळेच. आधी काँपिएन्य आणि मग नान्सी येथे मुक्काम ठोकून मांटॉयफेलने आपल्या सैनिकांवर कडक शिस्त बसवली. फ्रेंच सरकारचा प्रतिनिधी सें-व्हालिए आपल्या मुक्कामी आला तेव्हा त्याला त्याने सन्मानाने वागवले. राष्ट्राध्यक्ष तिएर याच्याशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे प्रसिद्ध झालेली ती पत्रे वाचताना जेता आणि जित यांच्यातील औपचारिक वैर हळूहळू परस्पर आदरात कसे बदलत गेले ते दिसते. सैनिकांना नागरिकांच्या घरांतून काढून बराकींत हलवण्याची व्यवस्था झाली. घरात परका शिपाई नसणे, ही गोष्ट पराभूत कुटुंबासाठी किती मोठी असते!

हे सारे सोपे नव्हते. १८७१ च्या अखेरीस जर्मन सैनिकांच्या हत्येचे आरोपी फ्रेंच ज्यूरींनी निर्दोष सोडले आणि बर्लिनमध्ये संतापाची लाट उसळली. मांटॉयफेल लष्करी कायदा लावण्यास कचरला नाही, परंतु एका गावाच्या अपराधासाठी प्रदेशाला वेठीस धरण्याकडे त्याचा कल नव्हता. बिस्मार्कला त्याचे हे फ्रेंचांशी परस्पर बोलणे मुळीच रुचत नव्हते. ऑगस्ट १८७१ मध्ये फ्रेंच अर्थमंत्र्याशी त्याने चालवलेल्या वाटाघाटींवरून तर दोघांत जोराचा खटका उडाला. त्यात बिस्मार्कचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते. परराष्ट्र धोरण सेनापतीने ठरवायचे नसते.

फ्रान्सने जनतेकडून कर्ज उभारले आणि मुदतीच्या आधी पैसे फेडले. ५ सप्टेंबर १८७३ रोजी शेवटचा हप्ता पोहोचला आणि त्याच महिन्यात व्हेर्दं सोडून अखेरची जर्मन तुकडी सीमेपलीकडे गेली. दोन वर्षांहून अधिक काळ परकी फौज शहरांतून राहिली, तरी मोठा संघर्ष पेटला नाही. विजयाच्या कथा आपण अनेक ऐकतो. विजयानंतरच्या वर्तनाच्या कथा क्वचित सांगितल्या जातात. जिंकलेल्या लढाईपेक्षा जिंकल्यानंतर आवरलेला हात अधिक दुर्मीळ असतो. मांटॉयफेलला फिल्डमार्शलचा दंड मिळाला तो या कामगिरीनंतर, सप्टेंबर १८७३ मध्ये.

हा बदल कसा घडला? मला वाटते, याचे उत्तर त्याच्या पदाच्या स्वरूपात आहे. बर्लिनच्या दालनात तो अदृश्य होता. त्याच्या शब्दाचा परिणाम ज्यांच्यावर होई ती माणसे त्याला दिसत नसत आणि त्यांना तो दिसत नसे. नान्सीमध्ये प्रत्येक आदेशाखाली त्याचे नाव होते आणि सकाळी खिडकी उघडली की तो आदेश ज्यांना लागू होणार ती माणसे समोरच्या चौकातून जाताना दिसत होती. माणूस तोच, राजनिष्ठा तीच. फक्त तिला उत्तरदायित्वाची जोड मिळाली आणि तिचे रूप पालटले.

सौजन्याची मर्यादा

कहाणी येथे संपली असती तर ती सुखान्त झाली असती. ऑक्टोबर १८७९ मध्ये सत्तर वर्षांच्या मांटॉयफेलला अल्सेस-लॉरेनचा राज्यप्रमुख म्हणून स्ट्रासबुर्गला पाठवण्यात आले. फ्रान्सकडून तोडून घेतलेला हा प्रदेश होता. नान्सीत जे साधले ते येथेही साधेल, अशी त्याची श्रद्धा होती. त्याने स्थानिक प्रतिष्ठितांना जवळ केले, धर्मगुरूंशी सलोखा केला, तक्रारी स्वतः ऐकल्या. जर्मन अधिकारी कुरकुरू लागले की, हा वृद्ध शत्रूला डोक्यावर चढवतो आहे.

आणि जनतेने काय केले? १८८१ च्या निवडणुकीत त्या प्रदेशातील सर्व १५ जागांवर विलीनीकरणाला विरोध करणारे उमेदवार निवडून आले. त्याच्या सौजन्याला मतपेटीतून मिळालेले ते उत्तर होते. कारण उघड आहे. नान्सीतील लोकांना ठाऊक होते की हा परका सेनापती एक दिवस जाणार आहे. स्ट्रासबुर्गच्या लोकांना आपले भवितव्य ठरवताना कोणी विचारलेच नव्हते. सौम्यपणे वागणाऱ्या या राज्यप्रमुखाच्या हाती वृत्तपत्रे बंद करण्याचे असाधारण अधिकार होते आणि त्याने ते प्रसंगी वापरलेही. माणूस चांगला असणे ही मोलाची गोष्ट आहे, पण ती हक्कांची जागा घेऊ शकत नाही. उद्या त्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला तर काय, हा प्रश्न प्रजेच्या मनातून जात नाही. १७ जून १८८५ रोजी कार्ल्सबाड येथे मांटॉयफेलचे निधन झाले, तोपर्यंत हा प्रश्न सुटलेला नव्हता.

जे मागे उरले

माणूस जातो, त्याने घडवलेली चाकोरी मागे राहते. मांटॉयफेलच्या औदार्याची आठवण नान्सीच्या एका पिढीबरोबर पुसट झाली. परंतु बर्लिनमध्ये त्याने बांधलेले ते लहानसे कार्यालय वाढत गेले. १८८३ मध्ये मिलिटरी कॅबिनेट युद्धमंत्रालयापासून पूर्णतः स्वतंत्र झाले. पहिल्या विल्यमसारखा कर्तव्यदक्ष राजा होता तोवर त्याचे धोके झाकलेले राहिले. १८८८ मध्ये दुसरा विल्यम गादीवर आला. उतावळा, लहरी सम्राट आणि त्याच्याभोवती कोणालाही जाब न देणारे गणवेशधारी सल्लागार, असे चित्र मग तयार झाले. १९१४ मध्ये युरोप युद्धाच्या खाईत गेला तेव्हा जर्मन सैन्याला प्रश्न विचारू शकेल अशी कोणतीही नागरी संस्था उरलेली नव्हती. मांटॉयफेलने ज्या राजघराण्यासाठी आयुष्य वेचले ते घराणे नोव्हेंबर १९१८ मध्ये सिंहासन गमावून बसले. सम्राट हॉलंडला निघून गेला.

१८५० च्या घटनेत एक वाक्य होते, ज्याचा आशय असा की सैन्याला घटनेची शपथ दिली जाणार नाही. शपथ राजाची, व्यक्तीची. १९१८ मध्ये ती व्यक्ती निघून गेली आणि हजारो अधिकारी शपथेसह पोरके झाले. व्यक्तीला वाहिलेल्या निष्ठेची ती सवय मात्र गेली नाही. २ ऑगस्ट १९३४ रोजी जर्मन सैन्याने पुन्हा एकदा एका व्यक्तीच्या नावाने शपथ घेतली. त्या व्यक्तीचे नाव ॲडॉल्फ हिटलर होते. पुढे काय झाले ते जग जाणते. याचे सारे ओझे मांटॉयफेलच्या शिरावर टाकणे अन्यायाचे होईल. पण पायवाट पाडणाऱ्यांत तोही होता, हे नाकारता येत नाही.

बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या कामात, कोणाच्या तरी निकट असतो. संस्थेच्या कार्यालयात, उद्योगात, कुटुंबातील कर्त्या माणसाच्या शेजारी. निकटतेतून मिळणारी शक्ती ही उसनी शक्ती आहे. ती वापरताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत असे मला हे चरित्र सांगते. मी जे सुचवतो आहे त्याखाली माझे नाव घालण्याची माझी तयारी आहे काय? त्याचा परिणाम ज्यांच्यावर होणार आहे ती माणसे मी पाहिली आहेत काय? आणि ज्याच्याशी मी निष्ठावंत आहे तो उद्या नसेल, तेव्हा माझे आजचे काम त्याच्या घराला आधार ठरेल की भार?

मांटॉयफेलला शौर्य, विद्या, निर्लोभ वृत्ती आणि स्वामिनिष्ठा हे सारे लाभले होते. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बर्लिनमध्ये टाळले, दुसऱ्याचे उत्तर त्याला नान्सीत सापडले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले, आणि ते ऐकण्यास तो हयात नव्हता.